ग्लिसरिनमधला धागा

दीपनगरच्या दिव्यांखाली सप्टेंबरात पाणढेकूण पडतात,
बोटाएवढे, चपटे, पाठीवर ओल्या पाचोळ्याचा रंग.
हतनूरच्या फुगवट्यातून उडतात, आणि पाणी समजून
चकाकत्या डांबरावर आदळतात.
निनाजी तायडे ते वेचतो. चिमट्याने नाही, हाताने.
"चावला तं चावला," म्हणतो,
आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून, सायकलवर,
भुसावळला आमच्या प्रयोगशाळेत आणतो.

मी छाती उघडते.
हे मोठे स्नायू पंखांना जोडलेलेच नाहीत
हे मुलांना दरवर्षी खोटं वाटतं.
स्नायू ओढतात ती पेटी.
उभे आखडले की पेटी दबते, पंख उठतात.
आडवे आखडले की पेटी फुगते, पंख पडतात.
एक आखडला की दुसरा ताणला जातो,
आणि ताणलं जाणं हाच त्याला हुकूम.
मज्जातंतू अधूनमधून एखादी ठिणगी पाठवतो फक्त,
कॅल्शियम सुटलेलं राहावं म्हणून.
बाकीचे ठोके ते आपसात बघून घेतात.

"करवतीसारखं," निनाजी म्हणाला, काचा पुसता पुसता.
"वखारीत मी अन् इस्माईल. त्यानं ओढलं का माझा हात लांब,
लांब झाला का मी ओढनार.
शेठ सकाळी एकदा म्हने, चालू द्या.
मंग दिवसभर कोन सांगतं?"
मी हे वाक्य नोट्समध्ये उतरवून घेतलं.
त्याचं नाव लिहायचं राहिलं.

आज एकतीस मे. बाहेर सेहेचाळीस.
धागा सप्टेंबरातलाच,
बर्फाच्या ट्रेशेजारी ग्लिसरिनमध्ये आठ महिने.
किडा नाही, डोळे नाहीत, मज्जातंतू नाही,
पेशीचा पडदासुद्धा धुऊन गेलेला.
राहिले आहेत पट्टे: काळा, उजळ, काळा, उजळ,
लुगड्याच्या काठासारखे, पण काठ कुठे संपतच नाही.

पट्ट्यांच्या आत काय ते या भिंगातून दिसत नाही,
ते मी फळ्यावर काढते:
मायोसिनची जाड दोरी, ॲक्टिनची बारीक,
जाड दोरीला वल्ह्यांसारखी डोकी.
एकेक डोकं वाकून ओढतं ते अंतर
केसाच्या जाडीचे आठ हजार भाग केले तर त्यातला एक.
मग सुटतं. पुढचं धरतं. वाकतं. सुटतं.

आणि इंधन संपलं तर?
मुलं म्हणतात, ढिलं पडेल.
नाही. धरूनच राहील.
धरलेलं सोडायलाच एटीपी लागतो.

निनाजीने पुसणं थांबवलं.
"माय गेली तवा तिच्या मुठीत खाटेचा सुंभ व्हता,"
तो म्हणाला. "मूठ उघडंना. शेवटी सुंभ कापला.
लोकं म्हने, जीव अडकला.
कशात अडकला? मी लई शोधलं, मॅडम.
कोनाचं देनं नाही, कोनाशी भांडन नाही.
मंग सोडायला ताकद नव्हती, येवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.
म्हणताना वाटलं, मूठ वळली कधी, कशासाठी,
हे मला विचारलेलं नाही,
आणि विचारलं असतं तर माहीत नाही.

पहिल्यांदाच त्याला भिंगापाशी बसवलं.
एकतीस वर्षं त्याने ते नळकांडं पुसलं होतं.
मी काचेच्या कडेने थेंब सोडला.
धागा आखडला.
"माय वं," तो हळूच म्हणाला. त्याचीच माय की
आपण सगळेच म्हणतो ती, कळलं नाही.

मग त्याने चाव्यांचा जुडगा काढला.
हे कपाट. हे ॲसिडचं. ही गच्चीची, तिला वर उचलून फिरवायची.
जुडगा टेबलावर ठेवला,
आणि बोटं त्यावरच राहिली.

तेवढ्यात लाइट गेली.
दीपनगर इथून पायलीभर अंतरावर,
तरी रोज दुपारी जाते.
अंधारात कुणी काही बोललं नाही.
फ्रिजचं घुरघुरणं थांबलं होतं,
आणि त्याच्या बोटांखाली एक चावी वाजली.